संकोच घरी ठेवून नीघ

यंदा आषाढीला पंढरपूरला पायी जायचं ठरवलंस, फार बरं केलंस. तुझ्या वयाला, तुझ्या संसाराला आणि तुझ्या गुडघ्यांना हे जमण्यासारखं आहे. तयारी मात्र हवी, आणि तयारी म्हणजे नुसती खरेदी नव्हे. बूट कोणते घेऊ, बॅग केवढी घेऊ, पॉवर बँक लागेल का, एवढं सगळं तू विचारलंस. पहाटे शौचाला कुठे जायचं, पाळी आली तर काय करायचं, परक्या माणसांत रात्री झोप लागेल का, हे काही विचारलं नाहीस. मनात आहे ते, मला ठाऊक आहे. वारीत बायका चालून थकतात, ते रात्रीच्या झोपेने जातं. आजारी पडतात त्या बहुतेक वेळा संकोचापायी. पाणी कमी प्यायचं, दुखतंय ते सांगायचं नाही, भूक लागली तरी शेवटच्या पंगतीला बसायचं. घरात मुरलेल्या या सवयी अडीचशे किलोमीटर वाहून न्यायच्या नाहीत, म्हणून आज मोकळेपणाने बोलणार आहे.

आधी तारखांचं उरकून टाकू. वारी तिथीने चालते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते, तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूहून. आषाढ शुद्ध दशमीला दोन्ही पालख्या पंढरपुरात पोचतात आणि दुसऱ्या दिवशी एकादशी. इंग्रजी तारखा दर वर्षी मागेपुढे होतात. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. तेव्हा ऑफिसात 'जूनमध्ये रजा लागेल' असं मोघम सांगून ठेवू नकोस. पंचांग बघ, संस्थानचं वेळापत्रक जाहीर होतं ते बघ, आणि मुलांच्या शाळेशी ताडून घे. शाळा उघडणं आणि प्रस्थान ही दोन्ही बऱ्याचदा एकाच सुमारास येतात.

घरी विचारू नकोस, सांग. शांतपणे, पुरेसं आधी, सगळ्यांसमोर. सासूबाईंची औषधं, गॅसचा नंबर, धुण्याभांड्याच्या बाईंचे पैसे हे एका कागदावर लिहून दे आणि मग त्यातून लक्ष काढून घे. दिवसातून एक फोन, रात्री जेवणानंतर. डाळीला फोडणी कशी घालायची हे वाल्ह्याच्या माळावर उभं राहून सांगत बसशील, तर तू घरीच आहेस असं समज.

आता वाट. खानदेशातून निघणारी असतीस तर मुक्ताईंच्या पालखीचं नाव काढलं असतं. ती मुक्ताईनगरहून निघते आणि महिन्याभराहून जास्त चालते. पण तू पुण्यात आहेस, म्हणजे दोन वाटा समोर आहेत. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं ते याच वाटेवर. माउलींची वाट सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी अशी. दोन्ही सारख्याच पुण्याच्या. मी माउलींबरोबर चालते, म्हणून पुढचं बोलणं त्या वाटेचं आहे.

पूर्ण वारी म्हणजे अठरा-वीस दिवस धर. तेवढी रजा मिळालीच नाही तर काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पुण्यातले कितीतरी लोक पुणे ते सासवड हा एकच दिवस चालतात, दिवेघाटात फोटो काढतात आणि संध्याकाळी बसने घरी येतात. त्यांच्या भावनेला नमस्कार आहे, पण तू तसं करू नकोस. तो सबंध वाटेतला सगळ्यात लांब दिवस आहे, तीस किलोमीटरच्या वर, शेवटी घाटाची चढण. गर्दीत नुसतं ढकललं जायला होतं. आणि तिथींचा मेळ असा की तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे उपास. थोडेच दिवस असतील तर लोणंदपासून पुढे चाल. तिथून वाट मोकळी होते, आभाळ दिसायला लागतं, दिंडीतल्या बायकांची नावं तोंडात बसतात. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण. मधून बिनस्वाराचा माउलींचा अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. तेव्हा तू कडेला थांब हं, माती थोड्या वेळाने घेतली तरी चालते.

पूर्ण चालणार असशील तर दिवेघाटाच्या दिवसासाठी वेगळी तयारी कर. उपास सोडायचा नसेल तर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि खजूर जवळ ठेव. नुसत्या साबुदाण्यावर आणि चहावर घाट चढता येतो, पण उतरत्या उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येते. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी उपास करायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरव, शेजारणीला विचारून नाही.

बूट नंतर, बॅग नंतर, सगळ्यात आधी दिंडी ठरव. कुठल्याच दिंडीत नसलेली माणसंही पुष्कळ चालतात, त्यांना मोकळा समाज म्हणतात. पहिल्या खेपेला तसं करू नकोस. दिंडी म्हणजे तुझी राहुटी, तुझं ताट, तुझी वळकटी वाहणारा ट्रक, पाण्याचा टँकर आणि तुझा पत्तासुद्धा. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तो पालखीच्या रथाच्या हिशेबाने सांगतात. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आहेत, मागे त्याहून कितीतरी जास्त. 'रथामागे अमुक नंबर' हे तुला झोपेतसुद्धा सांगता आलं पाहिजे. लाखांच्या गर्दीत फोन लागत नाहीत, आणि सगळे तंबू सारखेच दिसतात. नंबर सांगितला की कुणीही म्हातारबुवा बोट दाखवून रस्ता सांगतात. हा नंबर, विणेकऱ्यांचं नाव आणि घरचा फोन एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घाल आणि ब्लाउजच्या खिशात ठेव. ब्लाउजला आतून खिसा शिवून घे, पैशांसाठीही तोच उपयोगी पडतो.

दिंडीला चैत्र-वैशाखातच फोन कर. भिशी किती, म्हणजे जेवणाखाणाची आणि ट्रक-तंबूची वर्गणी किती, हे सगळेच विचारतात. तू त्यापुढचं विचार. बायका किती असतात? त्यांच्या राहुट्या वेगळ्या असतात का, आणि दिव्याच्या उजेडात असतात का? आंघोळीला आडोसा बांधतात का? आजारी पडलं तर गाडीत बसवतात का? हे विचारताना आवाज खाली आणू नकोस. मग दिंडीतल्या एखाद्या जुन्या बाईचा नंबर मागून घे आणि तिच्याशी बोल. ती दहा मिनिटांत सगळं सांगेल, कुणाचा स्वभाव कसा इथपर्यंत. बायकांच्या सोयीचा विषय निघाल्यावर जिथे उत्तर टाळतात, तिथे नाव घालू नकोस.

आता शरीराचं.

वारीचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. बायका त्याहूनही आधी उठतात आणि कारण तुला कळलंच असेल. पूर्वी अंधार असेपर्यंत शेताच्या कडेला जाऊन यायचं, हाच एक मार्ग होता. आता 'निर्मल वारी'मुळे तळांवर फिरती शौचालयं उभी असतात. परिस्थिती खूप सुधारली आहे, पण चारनंतर रांगा लागतात. तू तीनच्या आत जाऊन ये, किंवा रात्री निजताना जा आणि शरीराला तीच वेळ लावून घे. घरी महिनाभर आधीपासून ही सवय लावलीस तर अर्धं काम झालं. विजेरी, कागदी साबण, टिश्यू आणि एक छोटी पिशवी कमरेलाच राहू दे. एकटी जाऊ नकोस, जोडीण शोध. पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी सापडतेच.

वाटेत चालताना लघवीला लागली तर गावातल्या घरात जा आणि सरळ विचार. "माउली, बाथरूमला जाऊ का?" एवढं म्हटलं की दार उघडतं. त्या गावांत वारकऱ्याला नाही म्हणत नाहीत. खूप बायका हे विचारायला लाजतात आणि म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग फलटण येईपर्यंत जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. त्यापायी गाडीत बसून परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे पाय अगदी ठणठणीत होते. म्हणून दर तासाला घोटभर पाणी पी. नीरा ओलांडली की पाऊस बहुधा मागे राहतो आणि उन्हाचा पट्टा सुरू होतो, तेव्हा तर ओआरएसचं पाकीट रोज एक.

पाळीचं बोलू. अठरा-वीस दिवस म्हणजे पाळी मध्ये येणारच असं धरून चाल. पुढे ढकलायच्या गोळ्या इतके दिवस घेणं बरं नाही, आणि अर्धशिशी, बीपी किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास असेल तर धोक्याचंही आहे. घ्यायच्याच असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून, मैत्रिणीने सांगितल्या म्हणून नाही. पॅड घरून ने. राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्यवारी' उपक्रमामुळे वाटेवरही मिळू लागलेत, पण आपलं आपल्याजवळ असलेलं बरं. वापरलेलं गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं ने. कप वापरायचा असेल तर चार महिने आधी सवय कर, राहुटीत पहिला प्रयोग नको. आणि विटाळाचं म्हणशील, तर काही दिंड्यांत जुन्या बायका त्या चार दिवसांत वीणा आणि तुळशीपासून लांब चालतात. त्यांचं मन दुखवू नकोस, आणि स्वतःचंही मन खाऊ नकोस. चोखोबांच्या सोयराबाईंनी सहा-सातशे वर्षांपूर्वी विटाळाच्या कल्पनेलाच अभंगातून प्रश्न विचारला आहे, आणि तो अभंग वारकरीच गातात. चालणं थांबवायचं काही कारण नाही. पोट दुखलं तर गोळी घे, शेजारी चालणारीला सांग, विसाव्याला पाय पसरून पड.

अजून एक. खोकताना, हसताना, चढावर थेंबभर लघवी गळते का तुला? दोन बाळंतपणांनंतर पुष्कळजणींना होतं आणि कुणीही कुणाला सांगत नाही. आत्ताच डॉक्टरांना दाखव. त्या जागेचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम असतात, तीन महिन्यांत चांगला फरक पडतो. तोवर पातळ पॅड लाव आणि चाल. मांड्या घासून सोलवटतात, हेही कुणी सांगत नाही. साडी नेसलीस तरी आत गुडघ्यापर्यंतची सुती किंवा होजियरीची चड्डी घाल आणि रोज पहाटे व्हॅसलीन चोपड. पायाच्या फोडांपेक्षा या सोलवटण्यानेच बायका जास्त हैराण होतात.

पायांचं आता थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. नवीन पादत्राण घालून निघू नकोस. मागे पट्टा असलेल्या, मऊ तळाच्या सँडल आणि एक नंबर मोठे बूट, दोन्ही आधी शंभरेक किलोमीटर वापरलेले असू देत. चालून चालून पाय सुजतात, मोठा नंबर लागतोच. ओले मोजे विसाव्याला बदल. जिथे घासतंय, तिथे फोड यायच्या आत चिकटपट्टी लाव. फोड आलाच तर लहान असेल तसा राहू दे. मोठा असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढ आणि वरची कातडी ठेव. जुनी माणसं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार घालतात आणि दोरा आतच ठेवतात. तो तुझ्या पायात कुणाला घालू देऊ नकोस, त्याने पू होतो.

सराव तीन महिने आधी सुरू कर. रोज पाचेक किलोमीटर, आठवड्यातून एकदा बारा-पंधरा. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ चाल. वारीत सगळी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची असते, काल चाललेल्या पायांनी आज पुन्हा उठायचं असतं. बागेच्या मऊ पायवाटेवर नको, डांबरी रस्त्यावर चाल, त्याच कपड्यांत, निम्मा वेळ उन्हात. आणि चालताना हरिपाठ पाठ कर. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग आहेत, रोज एक घेतलास तरी महिन्यात होतात. दिंडीत दिवसभर भजन चालू असतं. शब्द येत नसतील तर माणूस पाहुण्यासारखं बाजूने चालतं, येत असतील तर श्वास आपोआप पावलांशी जुळतो आणि मैलाचे दगड मोजले जात नाहीत. या एका तयारीबद्दल मी तुझ्या मागे लागणार आहे. वाचायला वेळ असेल तर इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख वाच, 'परिपूर्ती'त आहे. दिंडीत जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून त्यांना झालेला त्रास त्यांनी लपवलेला नाही. दि. बा. मोकाशींचं 'पालखी'ही वाच.

सामान दोन ठिकाणी असेल. वळकटी ट्रकमध्ये जाते आणि ती एकदम रात्रीच हाती येते. दिवसभर लागणारं सगळं खांद्यावरच्या छोट्या पिशवीत. वळकटीत अंथरूण, पांघरूण, तीन जोड कपडे, आंघोळीसाठी गडद रंगाचा गाऊन. पहाटे टँकरपाशी उघड्यावर आंघोळ करायची वेळ येते आणि गाऊन अंगावर ठेवूनच करावी लागते. वारीतल्या बायका सुती सोडून नायलॉनच्या साड्या का नेसतात हे पहिल्या पावसात कळेल, त्या खांद्यावर टाकल्या की चालता चालता वाळतात. सलवार-कमीजही चालतो, कुणी काही म्हणत नाही. छत्रीपेक्षा डोक्यावरून पाठीवर घ्यायचा प्लास्टिकचा कागद बरा, हात मोकळे राहतात. सोनं एक गुंजही नको. काळ्या मण्यांची साधी पोत घाल. पुण्यात आणि पंढरपुरात गर्दीत गळ्याला हात घालणारे असतात, आणि मंगळसूत्र गेलं की बाई पुढची सगळी वाट रडत चालते. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेव, एक पुडकं खांद्यावर आणि एक वळकटीत. कानात घालायला कापसाचे बोळे घे. राहुटीत घोरणाऱ्या माउली पुष्कळ असतात.

दिंडीत चालायची जागा ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि मागे तुळशीवाल्या आणि हंडेवाल्या बायका. फोटो काढायला टाळकऱ्यांमध्ये घुसू नकोस. कुणी डोक्यावरची तुळस दिली तर ती मानाने घे, पण मान अवघडली की लगेच परत दे, त्यात काही कमीपणा नाही. फुगडीला ओढलं तर गुडघ्यांचा अंदाज घेऊन खेळ.

आणि घेता यायला शीक. हे तुला सगळ्यात जड जाणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. आयुष्यभर दुसऱ्याला वाढत आलेल्या बाईला कुणी आपले पाय चेपतंय हे सहन होत नाही. वाटेत तरुण मुलं तेल घेऊन बसलेली असतात, चर्मकार बांधव चपला शिवून देतात आणि पैसे घेत नाहीत. गावातल्या बायका भाकरी-पिठल्याचं ताट पुढे करतात. तुझ्याहून मोठ्या बाई वाकून तुझ्या पायाला हात लावतील. मागे सरू नकोस, तूही वाक. ताट पुढे आलं तर 'नको नको' करू नकोस, भूक असेल तेवढं घे. त्यांची वारी तिथे घडत असते, ती अडवायचा आपल्याला हक्क नाही.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती चुकवू नकोस, कितीही पाय दुखत असले तरी. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो आणि चोपदार दंड वर करतात. एवढा प्रचंड समुदाय एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, त्याचा निकाल लागतो आणि मग आरती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त घातली, तिच्यात गाऱ्हाणं मांडायलाही अशी हक्काची जागा आहे. सगळ्यांसमोर, माउलींच्या साक्षीने, आणि ते ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. मग तू आपलं दुखणं राहुटीत उशीत तोंड खुपसून का लपवायचं? ताप असेल तर सांग. चालवत नसेल तर एक टप्पा गाडीत बस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. कुणी चुकीचा हात लावला तर मोठ्याने बोल, दिंडीप्रमुखांना सांग, पोलिसांना सांग. वारीत सगळेच साधू नसतात, आणि हे बोलल्याने वारीला काही बट्टा लागत नाही.

एक सावधगिरी मनाची. आठ-दहा दिवसांत माणूस भारावून जातं. सगळ्या बायकांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसते आणि आपल्यालाही घालावीशी वाटते. माळ हा दागिना नव्हे. माळकरी म्हणजे मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, नेमाने वारी. घरी येऊन, सहा महिने थांबून, तरीही घालावीशी वाटली तर घाल. ओलावलेल्या मनाने वाटेत काही नेम पत्करू नकोस.

पंढरपुरात पोचलीस की दर्शनाचा हट्ट मनातून काढून टाक. आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत किती तास जातील याचा नेम नसतो, दिवस उलटून जातो. इतकं चालून आलेल्या शरीराला त्या रांगेत उभं करू नकोस. अर्धेअधिक जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि त्यांचं दर्शन होतं. पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर कार्तिकी झाल्यावर एखाद्या साध्या दिवशी निवांत जा, मीही येईन. नदीत घोट्यापर्यंत उतर, पुढे नको, तळ सारखा नसतो. शक्य असेल तर पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यापर्यंत राहा. बहुतेक लोक द्वादशीला निघून जातात, त्यामुळे शेवटचे ते तीन दिवस पंढरपूर पुन्हा गाव होतं.

परतीचं आधीच ठरव, कारण एकादशीनंतर स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. एसटी जादा गाड्या सोडते, कुर्डुवाडीवरून रेल्वे मिळते, पण वळकटी सांभाळत रात्रभर ताटकळण्यापेक्षा दिंडीच्या गाडीत जागा आहे का ते जातानाच विचारून ठेव. घरी आल्यावर पाय आठवडाभर सुजलेले राहतील, पहाटे तीनला जाग येत राहील आणि कुणाशी बोलावंसं वाटणार नाही. ते सगळं नेहमीचं आहे. लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ नकोस आणि घरच्या साचलेल्या कामालाही हात घालू नकोस. रजेचा अर्ज टाकशील तेव्हा परत आल्यानंतरचे दोन-तीन दिवस त्यात धर. अर्ज याच आठवड्यात टाक, डॉक्टरांची वेळ घे, आणि दिंडीतल्या त्या बाईंशी बोलणं झालं की मला फोन कर.